‘आउटलँडर’ आठवीतल्या मुलींना द्यायची कादंबरी आहे?

शब्दवेडी
गेल्या महिन्यात इथे सुट्टीतल्या वाचनाची एक यादी आली होती. त्यात डायना गॅबाल्डन यांची ‘आउटलँडर’ होती आणि पुढे शेरा होता: ‘हळुवार ऐतिहासिक प्रेमकथा, थोडी जादू, आठवीपासून बिनधास्त द्या.’ यादी करणाऱ्यांनी पुस्तक शेवटपर्यंत वाचलं तरी आहे का?

माझी लेक नववीत आहे. तिच्या हातात देण्याआधी मी वाचायला घेतलं, हे नशीब. सुरुवात मलाही आवडली. १९४५ साल, युद्धात नर्स असलेली क्लेअर नवऱ्याबरोबर स्कॉटलंडमधल्या इनव्हर्नेसला येते आणि उभ्या दगडांच्या वर्तुळातून थेट १७४३ मध्ये जाऊन पडते. पुढे तिथल्या डोंगराळ भागातल्या, म्हणजे हायलँडर, जेमी फ्रेझरशी लग्न. आणि मग हाच जेमी, नायक बरं का, सांगितलेलं ऐकलं नाही म्हणून बायकोला पट्ट्याने मारतो. ती झटापट करते, चावते, तरी तो थांबत नाही. आणि थोड्याच पानांत दोघांचं पुन्हा गुळपीठ! शेवटी वेंटवर्थच्या तुरुंगात इंग्रज सैन्यातला कॅप्टन रँडल जेमीवर जे अत्याचार करतो, ते इतक्या तपशिलात आहेत की मला पुस्तक मिटून ठेवावं लागलं. हे आठवीला?

‘त्या काळी असंच होतं’ हे उत्तर कृपया देऊ नका.

मृण्मयी
तेच देणार, कारण तेच खरं आहे. १७४३ मधल्या हायलँडरने आजच्या नवऱ्यासारखं वागायचं का? आणि अर्धंच का सांगता, ताई? तोच जेमी नंतर खंजिरावर शपथ घेतो की पुन्हा तिच्यावर हात उगारणार नाही. वेंटवर्थचं म्हणाल, तर बलात्कार पुरुषावरही होतो आणि त्यातून तो आतून मोडतो, हे १९९१ मध्ये प्रेमकथेत लिहायला धाडस लागतं. मी अकरावीत वाचली. माझं काही बिघडलं नाही, उलट पुष्कळ कळलं.

भटकंतीवाला
इतिहासाचं नाव काढलंत म्हणून लिहितो. मी एडिनबरात राहतो, या विषयावर गप्प बसवत नाही. क्लेअर आणि तिची मैत्रीण गेलिस यांच्यावर चेटकिणी म्हणून खटला चालतो तो १७४३ मध्ये. चेटकाचा जुना कायदा ब्रिटिश संसदेने १७३५ च्या नव्या कायद्याने रद्द केला होता आणि १७३६ पासून तो लागूच नव्हता. स्कॉटलंडमध्ये चेटकीण ठरवून शेवटची बाई जाळली ती डॉर्नॉकला, १७२७ मध्ये. काही जण १७२२ सांगतात. म्हणजे कथानकाला हवं तिथे लेखिकेने इतिहास खुशाल सरकवला. मग नेमका पट्ट्याच्या प्रसंगीच तिचा नाइलाज कसा झाला?

मृण्मयी
कायदा रद्द झाला की लोकांच्या डोक्यातलं भूतही उतरतं? स्कॉटलंडमधल्याच पिटनवीमला १७०५ मध्ये जमावाने एका बाईला दाराच्या फळीखाली घालून, वर दगड रचून मारलंच ना? आपल्याकडे दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा आला. करणी केली म्हणून म्हातारीला मारहाण झाल्याच्या बातम्या थांबल्या का? आणि त्याच खटल्यात गेलिसच्या दंडावरचा देवी टोचल्याचा व्रण क्लेअरला दिसतो, म्हणजे तीही पुढच्या काळातूनच आलेली! त्या एका क्षणासाठी मी सात-आठ वर्षांची चूक माफ करते.

भटकंतीवाला
जमाव वेगळा, खटला वेगळा. पुस्तकात रीतसर परीक्षक बसलेत, नेड गोवन वकिली करतोय. व्रणाचा प्रसंग जबरदस्त आहे, ते नाकारत नाही. पण या गोष्टी लोक खऱ्या मानतात, हे माझं दुखणं आहे. कलोडनच्या रणांगणावर फ्रेझर कुळाच्या, म्हणजे जेमीच्या आडनावाच्या, मृतांचा दगड आहे, १८८१ मध्ये बसवलेला. वाचक तिथे येऊन जेमीसाठी फुलं ठेवतात! १६ एप्रिल १७४६ च्या लढाईत तासाभराच्या आत कापली गेलेली खरी माणसं तिथे पुरलेली आहेत. त्यांच्यातल्या एकाचं तरी नाव या फुलंवाल्यांना सांगता येईल का?

मृण्मयी
पुस्तक नसतं तर त्यांतले निम्मे कलोडनला फिरकलेच नसते. तुमचा राग वाचकांवर काढू नका.

शब्दवेडी
चेटकिणी आणि कलोडनसाठी वेगळा धागा काढा, मी हात जोडते. माझा प्रश्न वयाचा आहे.

पुस्तकघर
मी वाचनालयात काम करते. एक आजोबा नातीसाठी हेच पुस्तक घेऊन निघाले होते, कारण रोमान्सच्या कपाटात होतं आणि मुखपृष्ठावर वावगं काही नव्हतं. मी थांबवलं तर म्हणाले, ‘तसं लिहायचं ना मग त्यावर.’ काय उत्तर देणार? याच कथेच्या मालिकेला ओटीटीवर वयाची पाटी लागते, २०२१ च्या नियमांनी ती सक्तीची आहे. पुस्तकाला काहीच नाही. मला बंदी नकोय. पण शिफारस करणाऱ्याने दोन ओळी जास्त लिहिल्या तर बोटं झिजतील का?

शब्दवेडी
हेच म्हणतेय मी! मृण्मयी, शपथेचा उल्लेख मी करायला हवा होता, मान्य. पण शपथ मार खाऊन झाल्यावरची आहे. माझ्या नववीतल्या मुलीने त्यातून ‘प्रेम करणारा नवरा एकदा मारतो आणि मग सुधारतो’ एवढंच उचललं तर? तो शेरा बदलून तिथे अठरा लिहा.

मृण्मयी
आठवी नको, हे मान्य. अठरा मात्र अजिबात नको, त्या वयात मुली मतदान करतात. सोळा लिहा, आणि वेंटवर्थबद्दल आधी स्पष्ट सांगा. पट्ट्याबद्दलही सांगा हवं तर. पण पुस्तक वाईट आहे, हे मी मरेपर्यंत मानणार नाही.