मदत हवी आहे: इंग्लंडमध्ये कोर्टाच्या दंडासाठी बेलीफ दारात, खटला कसला तेच माहीत नाही

ओवी_कॉव्हेंट्री

नमस्कार मंडळी. इथे यूकेतले बरेच जण आहेत म्हणून विचारतेय. लांबलचक झालंय, पण अर्धवट सांगून उपयोग नाही.

मी कॉव्हेंट्रीत केअर होममध्ये सिनियर केअरर आहे. नवरा वेअरहाउसमध्ये झिरो-अवर्सवर, म्हणजे काम असलं तर पगार. व्हिसा माझ्या नोकरीवर, त्यामुळे सरकारी भत्ते वगैरे काही नाही. मुलगी सहा वर्षांची.

परवा सकाळी सातला दार वाजलं. मी नाइट करून नुकतीच आले होते, नवरा कामावर. खाली काळं जाकीट घातलेला, छातीला कॅमेरा लावलेला माणूस. नवऱ्याचं पूर्ण नाव घेऊन म्हणाला, कोर्टाचं वॉरंट आहे, आत येऊ द्या. मी दार उघडलं नाही, वरच्या खिडकीतूनच बोलले. मग त्याने लेटरबॉक्समधून कागद टाकला आणि गाडीचे फोटो काढून गेला.

कागदावरचा हिशेब असा: दंड 660 पौंड, व्हिक्टिम सरचार्ज (दंडावरची जादा आकारणी) 264, खर्च 90. वर बेलीफच्या वसुली कंपनीचे 75 आणि भेटीचे 235. एकूण 1,324 पौंड. 24 तासांत भरा, नाहीतर कुलूपवाल्याला घेऊन येऊ, असं लाल अक्षरात.

गुन्हा कोणता? कुठेही लिहिलेलं नाही. नवऱ्याला कोर्टाचं एकही पत्र आलेलं नाही. कंपनीला फोन केला तर म्हणाले कोर्टाला विचारा, कोर्टात फोन केला तर म्हणाले वॉरंट कंपनीकडे आहे, त्यांच्याशी बोला. कंपनी निम्मी रक्कम आत्ता मागतेय. आमच्याकडे पुढच्या भाड्याचे पैसे सोडले तर 300 पण नाहीत.

गाडी हप्त्यावर आहे आणि ती गेली तर माझ्या नाइट्स बंद, कारण त्या वेळी बस नसते. घरात माझं थोडं सोनं आहे, तेही नेतील का? आणि हा क्रिमिनल रेकॉर्ड व्हिसाला नडेल का? सासरे सांगलीहून रोज फोन करतायत, पोलीस आले का म्हणून. कृपया कुणाला माहिती असेल तर सांगा.

चहाबाज

ताई, अजिबात घाबरू नका. बेलीफला जबरदस्तीने आत शिरायचा हक्कच नाही, दार लावून बसा. आणि ब्रीदिंग स्पेस (देणेकऱ्याला वसुलीपासून मिळणारी सरकारी उसंत) घ्या, 60 दिवस कुणी हात लावू शकत नाही. माझ्या मित्राने कौन्सिल टॅक्सच्या (घरपट्टीसारखा कर) वेळी हेच केलं होतं.

निवांत_माणूस

कंपनीला एक पेनी देऊ नका. कोर्टाच्या साइटवर थेट दंड भरा, कंपनीची फी आपोआप उडते.

टेम्सकाठ

चहाबाज, निवांत, तुमचा हेतू चांगला आहे पण ही माहिती या प्रकरणाला लागू होत नाही आणि त्यामुळे ओवीताईंचं नुकसान होईल. मी आमच्या गावातल्या सल्ला केंद्रावर बरीच वर्षं स्वयंसेवक म्हणून बसतोय. कौन्सिल टॅक्सचा बेलीफ आणि मॅजिस्ट्रेट कोर्टाच्या दंडाचा बेलीफ यांत लोक हमखास गल्लत करतात. माणूस तोच असतो, कधी कंपनीही तीच, पण हातातला कागद वेगळा.

कौन्सिल टॅक्स किंवा पार्किंगच्या वसुलीत पहिल्या भेटीला दार तोडता येत नाही, हे खरं. फौजदारी दंडाच्या वॉरंटवर मात्र 2007 च्या कायद्याने 'वाजवी बळ' वापरून आत शिरायची मुभा दिलेली आहे. प्रत्यक्षात ते फार क्वचित होतं, कुलूपवाल्याची धमकी बहुतेक वेळा कागदावरच राहते. पण 'हक्कच नाही' असं त्याच्या तोंडावर सांगायला जाऊ नका.

ब्रीदिंग स्पेस मे 2021 पासून आहे, पण गुन्ह्याचा दंड त्यात बसत नाही. दिवाळखोरीतही तो माफ होत नाही. आणि कोर्टात थेट भरले तरी कंपनीची फी उडत नाही. नियम असा की आलेल्या पैशातून आधी 75 ची फी कापली जाते, उरलेले दंड आणि बाकी फी यांत वाटले जातात. म्हणजे दंड पूर्ण भरल्यासारखा वाटतो आणि वॉरंट जिवंतच राहतं. असे दोन-तीन रडवेले चेहरे मी समोर बसलेले पाहिलेत.

ओवीताई, तुमच्या पोस्टमधलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य पैशाचं नाहीच. 'एकही पत्र आलेलं नाही' हे आहे. तेव्हा कंपनीशी हप्त्यांची बोलणी आत्ता थांबवा आणि आधी एवढं सांगा: गेल्या दोन वर्षांत घर बदललंत का? गाडीच्या लॉगबुकवर (नोंदणीच्या कागदावर) पत्ता कुठला आहे? आणि नवऱ्याचं लायसन्स सरकारी साइटवर उघडून बघा, लायसन्स नंबर आणि नॅशनल इन्शुरन्स नंबर लागतो. त्यावर काही पॉइंट्स (वाहतूक गुन्ह्याबद्दलचे दंडगुण) दिसतायत का?

माझा अंदाज सांगू? 660 हा आकडा ओळखीचा आहे. आरोपीने उत्पन्न कळवलं नाही तर कोर्ट आठवड्याला 440 पौंड धरून चालतं, आणि त्याची दीडपट म्हणजे 660. सरचार्ज दंडाच्या 40 टक्के, म्हणजे 264. हा दंड तुमच्या नवऱ्याचा पगार बघून लावलेलाच नाही, तो गैरहजर माणसाला लावलेला दंड आहे.

ओवी_कॉव्हेंट्री

टेम्सकाठ, तुम्ही ज्योतिषी आहात का! लायसन्सवर एमएस90 आणि सहा पॉइंट्स दिसतायत. आम्ही लेस्टरहून इकडे आलो तेव्हा लायसन्सवरचा पत्ता लगेच बदलला होता. लॉगबुकवर अजून लेस्टरचंच घर आहे. ते वेगळं कळवावं लागतं?

टेम्सकाठ

हो, वेगळं. डीव्हीएलए या सरकारी वाहन-नोंदणी खात्याकडे लायसन्सचं आणि गाडीचं अशी दोन खाती, एक बदललं की दुसरं बदलत नाही. निम्म्या लोकांना हे ठाऊक नसतं. आजच ऑनलाइन बदला, फुकट आहे.

एमएस90 म्हणजे 'गाडी कोण चालवत होतं ते कळवलं नाही'. बहुधा लेस्टरकडे कुठेतरी कॅमेऱ्याने वेग पकडला, पोलिसांचं पत्र लॉगबुकच्या पत्त्यावर गेलं, 28 दिवसांत उत्तर नाही, मग त्याच पत्त्यावर सिंगल जस्टिस प्रोसिजरची नोटीस. या पद्धतीत एकच मॅजिस्ट्रेट बंद खोलीत कागद बघून निकाल देतो. उत्तर आलं नाही तरी निकाल होतोच.

आता उपाय. त्याला म्हणतात स्टॅच्युटरी डिक्लरेशन. खटल्याची मला माहितीच नव्हती असं नवऱ्याने शपथेवर लिहून द्यायचं. माहिती झाल्यापासून 21 दिवसांत. उशीर झाला तर कोर्ट ऐकू शकतं, पण कारण पटवावं लागतं, म्हणून त्या फंदात पडू नका. तुमची मुदत परवाच्या कागदापासून धरा. मॅजिस्ट्रेट कोर्टात तारीख घेऊन फुकट करता येतं, किंवा कुठल्याही सॉलिसिटरकडे, तिथे शपथेचे 5 पौंड घेतात. सॉलिसिटरकडे केलंत तर प्रत कोर्टाला मुदतीत पोचवायची.

ते स्वीकारलं की शिक्षा रद्द, पॉइंट्स रद्द, वॉरंट रद्द, आणि वॉरंटच नाही तर 75 आणि 235 कशावर उभे राहणार? खटला मात्र मिटत नाही, पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो, हे नीट ध्यानात ठेवा.

मिरजकर_इन_रेडिंग

टेम्सकाठ यांच्याशी शंभर टक्के सहमत. माझ्या भावाचं असंच झालं होतं. एक भर घालतो. पुन्हा सुरू झालेल्या खटल्यात बरेचदा दोन आरोप असतात: वेग, आणि चालक न कळवणं. नवराच चालवत असेल तर वेगाचा आरोप कबूल करून दुसरा मागे घ्या अशी विनंती सरकारी वकिलाला करता येते. बरेचदा मानतात. मग सहाच्या जागी साधारण तीन पॉइंट्स. पण वेगाचा आरोप नोटिशीत होता का ते आधी बघा, नसेल तर हा मार्ग नाही. त्या वेळी आठवड्याच्या पगाराच्या स्लिपा आणि भाड्याचा करारनामा बरोबर न्या, दंड खऱ्या उत्पन्नावर लागेल. हप्तेही तिथेच मागा.

नवऱ्याने इथली टेस्ट कधी पास केली? पहिल्या दोन वर्षांतल्या गुन्ह्यांचे सहा पॉइंट झाले तर लायसन्स थेट रद्द होतं.

ओवी_कॉव्हेंट्री

दोन वर्षं उलटून गेली होती, सुटलो. पण डिक्लरेशन होईपर्यंत तो माणूस परत आला तर? आणि सोन्याचं?

टेम्सकाठ

कोर्टाला पुन्हा फोन करा, पण प्रश्न बदला. 'दंडाचं काय करू' विचारलंत तर पुन्हा कंपनीकडेच पाठवतील. 'मला स्टॅच्युटरी डिक्लरेशनसाठी तारीख हवी आहे' असं म्हणा. कागदावरचा खाते क्रमांक सांगून गुन्ह्याची तारीख, निकालाची तारीख आणि नोटीस कुठल्या पत्त्यावर पाठवली ते लिहून घ्या. तारीख मिळाली की तिचा ईमेल कंपनीला पाठवा आणि तोवर कारवाई थांबवा असं लेखी मागा. थांबवायलाच हवी असं बंधन नाही, पण बहुतेक थांबवतात, कारण रद्द होणाऱ्या वॉरंटमागे पेट्रोल कोण जाळेल.

तो आलाच तर परवा केलंत तेच करा. दार बंद, पुढचं-मागचं दोन्ही. उन्हाळा आहे म्हणून खालच्या खिडक्या उघड्या टाकू नका. बोलणं वरून किंवा लेटरबॉक्समधून. सकाळी 6 ते रात्री 9 हीच त्यांची वेळ. आत आला आणि सामानाची यादी करून सही घेतली की त्याची बाजू भक्कम होते, म्हणून 'फक्त दोन मिनिटं बोलू' ला भुलायचं नाही. मुलगी घरात एकटी असेल तर त्याला काहीही ताब्यात घेता येत नाही, तरी तिला दार उघडू नकोस एवढं शिकवून ठेवा.

सोनं तुमचं असेल तर नवऱ्याच्या दंडासाठी ते नेता येत नाही. नेता येतं ते त्याचं किंवा दोघांच्या मालकीचं. पण एकदा नेलं की ते माझं आहे हे सिद्ध करत बसावं लागतं, म्हणून प्रश्नच उद्भवू देऊ नका. फ्रिज, कुकर, वॉशिंग मशीन, अंथरुणं-पांघरुणं यांना हात लावता येत नाही. टीव्ही नेऊ शकतात.

गाडीची मालकी हप्ते फिटेपर्यंत फायनान्स कंपनीची असते. त्या कराराची प्रत आजच ईमेल करा. आणि गाडी काही दिवस घरापासून लांब लावा, रस्त्यावर दारासमोर नको. चाकाला क्लॅम्प (कुलूप) बसल्यावर कागद दाखवण्यापेक्षा ते सोपं.

क्लाइडकाठचा_पाटील

इतर वाचणाऱ्यांसाठी: हे सगळं इंग्लंड आणि वेल्सचं आहे. स्कॉटलंडमध्ये पद्धत वेगळी, इथे शेरीफ ऑफिसर असतात. हा धागा वाचून स्कॉटलंडमध्ये तसं वागू नका.

चहाबाज

माझी माहिती कौन्सिल टॅक्सचीच होती, दुरुस्तीबद्दल आभार. ओवीताई, व्हिसाचा प्रश्न राहिला की.

टेम्सकाठ

त्यावर मी बोलणार नाही, ते काम नोंदणी असलेल्या इमिग्रेशन सल्लागाराचं. इतकंच सांगतो की फॉर्ममध्ये शिक्षेबद्दल विचारलं असेल तर लपवायचं नाही. सध्या मुदतवाढीचा अर्ज जवळ आला असेल तर डिक्लरेशन आधी उरकून घ्या. आणि सासऱ्यांना सांगा, न भरलेल्या दंडासाठी तुरुंग हा मुद्दाम न भरणाऱ्यासाठी आहे, त्याआधी कोर्ट उत्पन्नाची चौकशी करतं. भरायला पैसे नाहीत म्हणून उचलून नेत नाहीत. पण कोर्टाने तारखेला बोलावलं तर जायचंच, न गेल्यास अटकेचं वॉरंट निघू शकतं.

नॅशनल डेटलाइन आणि सिटिझन्स अ‍ॅडव्हाइस या सल्ला देणाऱ्या दोन्ही संस्थांकडे फुकट बोलता येतं, तुमच्या व्हिसाला त्याची आडकाठी नाही.

ओवी_कॉव्हेंट्री

अपडेट: तुम्ही सांगितलं तसं विचारल्यावर कोर्टातल्या बाईंनी लगेच तारीख दिली, पुढच्या गुरुवारी. नोटीस लेस्टरच्याच पत्त्यावर गेलेली निघाली. वेगाचा आरोपही त्यातच आहे, ताशी 30 मैलांच्या रस्त्यावर 37. कंपनीने ईमेलला उत्तर दिलंय की सुनावणीपर्यंत खातं होल्डवर. लॉगबुकचा पत्ता बदलला.

शेवटचे दोन प्रश्न. नवऱ्याचं इंग्रजी कामापुरतं आहे, कोर्टात घाबरून भलतंच बोलेल अशी भीती वाटते. आणि डिक्लरेशनमध्ये लॉगबुकवरचा पत्ता जुना होता हे लिहायचं का? एक जण म्हणाला, लिहू नका, पत्र पोस्टात हरवलं म्हणा.

मिरजकर_इन_रेडिंग

त्या एका जणाला चहा पाजून घरी पाठवा. शपथेवर खोटं लिहिणं हा स्वतंत्र गुन्हा आहे आणि तो वेगापेक्षा फार मोठा. घर कधी बदललं, लायसन्स कधी बदललं, लॉगबुक राहिलं, बेलीफ आला तेव्हा पहिल्यांदा कळलं, एवढंच सरळ लिहा. लेस्टरच्या भाडेकराराची शेवटची तारीख आणि कॉव्हेंट्रीचं पहिलं वीजबिल जोडा.

दुभाष्या कोर्ट फुकट देतं, पण आधी सांगावं लागतं. उद्याच फोन करून 'मराठी' असं स्पष्ट सांगा. नुसतं इंडियन म्हणालात तर हिंदीवाला किंवा गुजरातीवाला येईल.

ओवी_कॉव्हेंट्री

उद्या सकाळी शिफ्ट संपली की फोन करते. गुरुवारी काय झालं ते इथेच लिहीन. सगळ्यांचे मनापासून आभार.