अनुभव धागा: बैलजोडी ते पिपाणी, तुमच्या आठवणीतली निवडणूक दिसायची कशी?

निवडणुकीच्या गप्पा निघाल्या की कोण आला, कोण पडला, कोणी कोणाला पाडलं यातच सगळे अडकतात. इथे ते नको. डोळ्यांना काय दिसलं तेवढंच लिहा: भिंतीवरचं चिन्ह, शर्टावरचा बिल्ला, शाळेतलं मतदान केंद्र, विधानभवनाच्या पायऱ्या, संसदेची गॅलरी. मत कोणाला दिलंत ते सांगू नका, दुसऱ्याला विचारूही नका.

सुरुवात मी करते. माझे आजोबा गोदरेजच्या विक्रोळीच्या कारखान्यात होते. १९५१-५२च्या पहिल्या निवडणुकीसाठी तिथे बारा लाखांवर पोलादी मतपेट्या तयार झाल्या. तेव्हा शिक्का मारायची भानगड नव्हती. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी, पेटीवर त्याचं चिन्ह चिकटवलेलं. हातात मिळालेली मतपत्रिका हव्या त्या पेटीत सोडायची, झालं. आजोबा मत द्यायला गेले तर आधी वाकून पेटीचं झाकण दाबून बघत बसले. बाहेरून अधिकारी ओरडला, "अहो, किती वेळ?" आजोबा म्हणाले, "आमच्या शॉपचा माल आहे, बघू नको का?" ही गोष्ट आमच्याकडे प्रत्येक लग्नात सांगितली जाते.

पेंटर, इचलकरंजी

वडील पेंटर, त्यांच्यामागं मी. बैलजोडी वडलांच्या हातची. मी नुसता चुन्याची बादली धरायचो. १९६९ ला काँग्रेस फुटली, बैलजोडी गोठवली आणि इंदिराबाईंच्या वाट्याला गाय-वासरू आलं. ते काढायचं म्हणजे परीक्षाच. वासरू दूध पितंय, त्याची मान खाली, चार पाय त्याचे, चार गाईचे, सगळे एकमेकांत. आणि बघणारे सगळे शेतकरी. कास जरा चुकली की पारावरनं आवाज यायचा, "पेंटर, ही गाय भाकड हाय!" वडील खवळायचे, पण पुसून परत काढायचे.

१९७८ ला पंजा आला आणि आमच्या धंद्यातली बारकी पोरंसुद्धा कामाला लागली. भिंतीवर हात ठेवायचा, कडेनं रेघ मारायची. शेकापचा, म्हणजे शेतकरी कामगार पक्षाचा, खटारा मात्र शेवटपर्यंत नडला. चाकाच्या आऱ्या सारख्या अंतरावर येता येत नाहीत. १९९९ ला घड्याळ आलं. त्यात काटे दहा वाजून दहा मिनिटांवरच पाहिजेत. माझ्या एका पोरानं साडेतीन वाजवले होते, तर कार्यकर्ता रात्री घरी आला बोलवायला.

निवडणूक आयोगाच्या चिन्हांच्या यादीतली बरीच मूळ चित्रं एम. एस. सेठी नावाच्या त्यांच्या ड्राफ्ट्समननं पेन्सिलीनं काढलेली. कंगवा, बादली, शिलाई मशीन, कपबशी. कधी यादी हातात आली तर नीट बघा. एक रेघ जास्त नाही. रात्री कंदिलाच्या उजेडात, खडबडीत भिंतीवर, अर्ध्या तासात उतरवता येईल असं चित्र काढणं सोपं नसतंय. मी तर त्या माणसाला गुरू मानतो.

पुढं मुख्य निवडणूक आयुक्त शेषनसाहेबांचा कडकपणा आला, १९९५ ला मालमत्ता विद्रूप करण्याविरुद्धचा कायदा आला, मग फ्लेक्स आला. भिंती स्वच्छ झाल्या हे खरं. पण फ्लेक्सवर चिन्ह कोपऱ्यात नखाएवढं आणि बाकी सगळे चेहरे. चाळीस चाळीस चेहरे! भाकड गाय परवडली.

पेडणे, गोवा

आमच्याकडे उमेदवार नसलेली निवडणूक झाली होती, म्हणून लिहितो. १६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल. महाराष्ट्रात विलीन व्हायचं तर फूल, वेगळं राहायचं तर दोन पानं. वडील फुलाचे, धाकटे काका पानांचे, घर एकच. त्या दिवसांत आई नेहमीसारखी अबोलीची वेणी माळून देवळात निघाली की काका म्हणायचे, "वहिनी, प्रचाराला चाललात?" आणि काकांनी जेवणानंतर विडा मागितला की वडील दोन पानं जोडून त्यांच्या ताटाशी ठेवायचे. ३४,०२१ मतांनी पानं जिंकली. वडील त्यानंतर कित्येक दिवस विडा खायचे नाहीत, असं आई सांगते. काका मात्र खायचे आणि वडिलांसमोर बसूनच खायचे.

गुरुजी, नाशिक जिल्हा

मतदान केंद्राध्यक्ष म्हणून पुष्कळदा काम केलंय. आदल्या दिवशी साहित्य घेऊन शाळेत पोचायचं, बाकं ओढून लावायची, पुठ्ठ्याचा कक्ष उभा करायचा. आता शाळेच्या भिंती कशा असतात तुम्हाला माहीत आहे. आमच्या केंद्रावर मोठ्या हौसेने राष्ट्रीय प्रतीकं रंगवलेली: मोर, वाघ आणि कमळ. कमळावर वर्तमानपत्र चिकटवलं. मग भिंतीवरचं घड्याळ उतरवलं. समोर 'धनुष्यातला ध' होता, त्यावरही कागद. एवढं करून दमून बसलो तर सोबतच्या मॅडम गंभीरपणे म्हणाल्या, "सर, उद्या कोणाला थांबा म्हणताना हात दाखवू नका." दुसऱ्या दिवशी मी खरोखर मुठी आवळून फिरत होतो.

पहाटे अभिरूप मतदान, म्हणजे यंत्राची चाचणी, सातला खरं मतदान. डाव्या हाताच्या तर्जनीवर म्हैसूरच्या कारखान्यातली शाई. आमच्याकडच्या आजीबाईंना या शाईचं भारी कौतुक, दोन बोटं पुढे करतात. एका आजींनी कक्षातूनच हाक मारली, "गुरुजी, आमचं ते कुठंय हो?" मी सांगू शकत नाही, आत जाऊ शकत नाही, सगळे पोलिंग एजंट माझ्याकडे टक लावून बघतायत. मी म्हटलं, "आजी, वरून खाली नीट बघा." दोन मिनिटं शांतता. मग बीप वाजला. मत कोणाला गेलं त्याची कागदी चिठ्ठी काचेआड सात सेकंद दिसते, आजी पेटी समोरच उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "पडली ना आत? मग पावती?"

प्रेस फोटोग्राफर, नागपूर

डिसेंबरातलं हिवाळी अधिवेशन म्हणजे आमचा सीझन. नागपूर करारातली गोष्ट, उपराजधानीला वर्षातून एक अधिवेशन. आत सभागृहात आम्हाला कॅमेरा नेता येत नाही, म्हणून राजदंड पळवापळवीचे फोटो आमच्या नशिबात नाहीत, ते थेट प्रक्षेपणातच बघा. आमची शिकार पायऱ्यांवर. कामकाजाआधी आमदार तिथे उभे राहतात. गळ्यात कांद्याच्या माळा, हातात कापसाची बोंडं, कधी संत्री, कधी सोयाबीनची रोपं. कोणत्या पिकाचे भाव पडलेत ते बाजार समितीत जाऊन विचारायची गरज नाही, पायऱ्या बघून कळते. माळ घालायला एक माणूस, फलक धरायला दुसरा, आणि फलक उलटा धरलाय हे सांगायला आम्ही. फोटो झाला की माळा तिथेच. संत्र्याची टोपली असली तर ती मात्र पुरत नाही बरं का.

खरा देखावा बाहेर असते. यशवंत स्टेडियमकडून मोर्चे निघतात, मॉरिस कॉलेज टी पॉइंटला बॅरिकेड. एका बाजूला इस्त्रीचे पांढरे कपडे, दुसऱ्या बाजूला रस्त्यावर बसून डबा खाणाऱ्या अंगणवाडीताई. हा फोटो मी दरवर्षी काढतो, छापून क्वचितच येतो.

दिल्लीत शिकत असताना

जुन्या संसदेत लोकसभेचा गालिचा हिरवा आणि राज्यसभेचा लाल, हे पुस्तकात वाचलं होतं. गॅलरीत बसल्यावर मात्र लक्ष गेलं ते अध्यक्षांच्या आसनामागच्या 'धर्मचक्रप्रवर्तनाय' या अक्षरांकडे, कारण त्याच्या बरोबर खाली जो गोंगाट चालला होता तो! फोन बाहेर जमा, टाळी वाजवायची नाही, पुढे वाकायचं नाही. नव्या इमारतीत लोकसभेला मोर आणि राज्यसभेला कमळ अशी सजावट आहे. जुनी गोल इमारत मला जास्त आवडते, मत विचारलंत तर.

दिंडोरी

पिपाणीचा विषय कोणीच काढला नाही? २०२४ ला लोकसभेला शरद पवारांच्या पक्षाचं चिन्ह 'तुतारी वाजवणारा माणूस', आणि एका अपक्षाकडे नुसती ट्रम्पेट, म्हणजे आपली पिपाणी, जिचं मराठी नाव यादीत 'तुतारी'च. आमच्या मतदारसंघात त्या अपक्षाला लाखावर मतं पडली. साताऱ्यात तर अशाच चिन्हाला ३७ हजारांवर मतं, आणि निकालाचा फरक ३२ हजारांचा. आमच्या गल्लीत मतदानाच्या आदल्या रात्री एक कार्यकर्ता घरोघरी समजावत होता, "माणूस बघा, माणूस! माणूस नसलेली आपली नाही." आमच्या म्हातारीने विचारलं, "मग मशाल धरलेला माणूस कुठंय?"

लंडनहून

भारतीय पासपोर्टवरही इथे राहणाऱ्याला मत देता येतं. चर्चचा हॉल, दोरीला बांधलेली पेन्सिल, नावापुढे फुली. कागदावर पक्षाचं बोधचिन्ह बारीकसं असतं, पण त्याकडे कोणी बघत नाही. शाई नाहीच. मग सेल्फी कशाचा काढायचा?

भोर तालुका

ग्रामपंचायतीची मजा वेगळी. आमच्या वॉर्डात एकाला शिट्टी मिळाली, एकाला कपबशी. शिट्टीवाल्याने पोरांना शिट्ट्या वाटल्या आणि प्रचार संपेपर्यंत गावात कोणी दुपारी झोपलं नाही. कपबशीवाल्याच्या ओट्यावर चहा सुरू झाला. पडला तो. पण माणसं अजून त्याच्याकडे चहाला जातात आणि बायकोच्या शिव्या तो खातो. पुढच्या वेळी नारळ मागणार म्हणतोय.