कालिम्नोसला मित्रांसोबत जायचंय, निम्मे क्लाइंबर आणि निम्मे समुद्रावर पडून राहणारे, जमेल का?

रंकाळा_पहाटे:
मंडळी, आम्ही सहा जण, सगळे कोल्हापूरचे, कॉलेजपासूनचे दोस्त. तिघं क्लाइंबिंग करतो, बाकीच्या तिघांना उंचीचं काही नाही, त्यांना पोहायला पाहिजे, खायला पाहिजे आणि दुपारी झोप पाहिजे. लई वर्षांनी सगळ्यांच्या सुट्ट्या जुळतायत. ग्रीसचं कालिम्नोस बेट डोक्यात बसलंय. नवरात्रात अंबाबाईला सोडून कुणी हलणार नाही, म्हणून दसरा ते दिवाळीच्या मधे जायचं ठरतंय. तेव्हा तिथं हवा कशी असते, आणि न चढणारे कंटाळणार नाहीत ना? पळापळ नकोय, एवढीच सगळ्यांची अट आहे.

गाठ_बघितली_का:
भावा, वेळ अगदी बरोबर निवडलीस. उन्हाळ्यात तिथला दगड तापतो, ऑक्टोबरात चढायला गारवा असतो आणि समुद्राचं पाणी अजून पोहण्याजोगं असतं, म्हणून तर जगभरचे क्लाइंबर तेव्हाच तिथं जमतात. फक्त दिवाळीच्या जास्त जवळ जाऊ नका, नोव्हेंबर लागला की तिथल्या मसूरी गावातली (आपली डोंगरातली मसूरी नव्हे) हॉटेलं बंद व्हायला लागतात. राहायचं मसूरी नाहीतर शेजारच्या मिर्तिएस गावातच. क्रॅग, म्हणजे चढायचे कडे, वर डोंगरात, समुद्र खाली, दोन्ही चालत.

आपल्याकडं सगळा बेसाल्ट, लाव्हाचे थर. तिथं चुनखडी, आणि पाण्याबरोबर झिरपून साचलेल्या चुन्याचे दगडी खांब भिंतीवरून लोंबतात, त्यांना टुफा म्हणतात. ग्रांदे ग्रोत्ता नावाची भली मोठी गुहा आहे, तिथं ते दोन्ही गुडघ्यांत धरून चढतात, ते नुसतं खाली बसून बघितलं तरी पैसे वसूल. पण तिथले रूट, म्हणजे चढायच्या ठरलेल्या वाटा, अवघड आहेत. सुरुवात आर्जिनोंता व्हॅलीत करा, ५ आणि ६ए ग्रेडचं, म्हणजे त्यामानानं सोपं, भरपूर आहे. १९९० च्या दशकात आंद्रेआ दि बारी या इटालियन क्लाइंबरनं इथं रूट बनवायला सुरुवात केली, आज तीन हजारांच्या वर आहेत, बहुतेक सगळे बोल्ट मारलेले, म्हणजे रोप अडकवायला दगडात लोखंडी खिळे पक्के बसवलेले.

आता कळकळीनं सांगतोय ते नीट वाच. रूट लांब आहेत, ३०-३५ मीटरचे कितीतरी, त्यामुळं ८० मीटरचा रोप न्या आणि बिलेवाल्याच्या (खालून रोप सांभाळणाऱ्याच्या) बाजूच्या टोकाला गाठ मारल्याशिवाय कुणी जमिनीवरून पाय उचलायचा नाही. क्लाइंबरला खाली सोडताना रोप संपून टोक बिले डिव्हाइसमधून, म्हणजे रोप धरणाऱ्या साधनातून, निसटतं, असे अपघात जगभर होतात आणि एका गाठीनं ते टळतात. हेल्मेट खाली उभ्या असणाऱ्यानंही घालायचं, कारण वर शेळ्या चरत असतात आणि त्यांच्या पायानं दगड सुटतात.

त्याआधी हिवाळ्यात एकदा बदामीला जाऊन या. आपल्याला जवळ आहे, वाळूचा दगड असला तरी बोल्टवर लीड करायचा, म्हणजे रोप स्वतः अडकवत पुढं चढायचा, सराव होतो.

उसाचा_रस:
मी न चढणारी, नवरा चढतो. तुमच्या त्या तिघांना सांगा, बिनधास्त या. मिर्तिएसच्या धक्क्यावरून समोरच्या तेलेंदोस बेटावर लहान बोट जाते, दहाएक मिनिटांत पोचते, तिथं गाड्याच नाहीत. पोहायचं, जेवायचं, पडायचं आणि संध्याकाळी परत. एक दिवस पोथिया या मुख्य गावासाठी ठेवाच. हे बेट स्पंज काढणाऱ्या पाणबुड्यांचं. पूर्वी ती माणसं हातात जड सपाट दगड धरून एका श्वासात तळाला जायची. एकोणिसाव्या शतकात हवेचा पोशाख आला, मग जास्त खोल आणि जास्त वेळ राहायला लागली, आणि भरभर वर आल्यामुळं रक्तात बुडबुडे होऊन कितीतरी जण लुळे पडले, मेले. तिथल्या म्युझियममधे हे बघताना माझ्या पोटात कालवलं. आता त्यांचीच पोरंबाळं क्लाइंबरांना खोल्या देतायत, हे मला फार बरं वाटलं.

आणि हो, चढणं सकाळीच उरका म्हणावं. मसूरीच्या वरच्या बऱ्याच भिंती पश्चिमेकडं तोंड करून आहेत, दुपारपर्यंत सावली, नंतर ऊन. म्हणजे दुपारी सगळे पाण्यात एकत्र.

पासपोर्ट_तयार:
ग्रीससाठी शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा एकच व्हिसा) लागतो, ९० युरो फी, ३०,००० युरोचा मेडिकल इन्शुरन्स, अर्ज प्रवासाआधी सहा महिन्यांपर्यंत करता येतो. उन्हाळ्यात अपॉइंटमेंट मिळत नाहीत, त्यामुळं तारखा पक्क्या झाल्या की लगेच हालचाल करा. इन्शुरन्स घेताना त्यात क्लाइंबिंग कव्हर आहे का हे लेखी विचारून घ्या, साध्या पॉलिसीत बहुतेक वेळा नसतं. महालक्ष्मी एक्स्प्रेसनं मुंबई, तिथून अथेन्स, पुढं विमानानं कोस बेट आणि तिथल्या मास्तिखारी बंदरातून फेरीनं पोथिया. स्कूटर घ्यायची असेल तर आरटीओतून इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट इथूनच काढून न्यायचं.

रंकाळा_पहाटे:
सगळ्यांना मनापासून धन्यवाद. ताई, तुमचा मेसेज ग्रुपवर टाकला, ते तिघं तेलेंदोसवरच राहायचं म्हणायला लागलेत. आमच्यात एक जण माळकरी आहे, त्याचं खायचं काय?

उसाचा_रस:
उपाशी नाही राहणार. भात भरलेले टोमॅटो-मिरच्या म्हणजे येमिस्ता, राजम्यासारखे मोठे पांढरे दाणे टोमॅटोत शिजवलेले, पालक भरलेली पेस्ट्री, सॅलड. येमिस्तात कधी खिमा असतो, तेवढं विचारून घ्यायचं. मध तर डोंगरातल्या रानफुलांचा, दह्यावर घालून देतात. कांदालसूण चटणीचा डबा मात्र घरूनच न्या, तिखट तिथं फारसं मिळत नाही.