गिअरबॉक्सचं तेल घरी बदलायचंय – कोणतं, किती, कसं?

दुसरागिअर:
गाडी पुढच्या चाकांवर चालणारी, पाच गिअरची मॅन्युअल. ८०,००० किमी झाले, गिअरबॉक्सचं तेल आजवर बदललेलं नाही. सकाळी गार असताना दुसरा गिअर अडकतो, पाच-सात मिनिटं चालवली की नीट पडतो. रिव्हर्स कधीकधी कर्रकन वाजतो. जॅक, चार स्टँड, सॉकेट सेट आणि टॉर्क पाना हाताशी आहे. तेल जीएल-४ दर्जाचं घ्यावं की जीएल-५? काही डब्यांवर दोन्ही छापलेलं असतं. तेल भरायचं कसं, आणि पुरेसं झालं हे ओळखायचं कसं? जाणकारांनी सांगावं.

ग्रीसचे_हात:
तेल घेण्याआधी एक चाचणी करा. गाडी उभी, इंजिन आयडलला, गिअर न्यूट्रलमध्ये. क्लच पूर्ण दाबा, मनात सहापर्यंत मोजा आणि मग रिव्हर्स टाका. आवाज न होता पडला तर ठीक आहे. बऱ्याच गिअरबॉक्समध्ये रिव्हर्सला सिंक्रो (गिअर पडण्याआधी वेग जुळवणारी रिंग) नसतो, त्यामुळे आतला शाफ्ट थांबायला तेवढा वेळ लागतोच. सहा मोजूनही कर्र झालं तर क्लच पूर्ण सुटत नाहीये. मग केबलची अ‍ॅडजस्टमेंट बघा, हायड्रॉलिक असेल तर क्लचचं फ्लुइड आणि त्यातली हवा बघा. गिअरबॉक्सचं तेल कितीही भारी घातलंत तरी तो आवाज जाणार नाही.

गार असताना दुसरा जड आणि गरम झाल्यावर हलका, हे लक्षण मात्र तेलाकडे बोट दाखवतं. उलट, गरम झाल्यावरही दुसरा गिअर दात खात असेल तर सिंक्रो रिंग झिजलीय. तिथे तेलाकडून चमत्काराची अपेक्षा नको.

मापात_तेल:
जीएल-४ की जीएल-५, यावर दरवेळी वाद होतो म्हणून जरा सविस्तर.

जीएल-५ हे हायपॉइड डिफरन्शियलसाठी, म्हणजे मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीच्या मागच्या अ‍ॅक्सलसाठी. तिथे दात एकमेकांवर जोरात घासत सरकतात, म्हणून त्यात गंधक-फॉस्फरसची अतिदाबाची रसायनं जीएल-४ च्या जवळपास दुप्पट असतात. तुमच्या गिअरबॉक्समध्ये सिंक्रो रिंगा बहुधा पितळी आहेत. त्यांना दोन गोष्टींनी त्रास होतो. एक, काही जीएल-५ तेलांतलं गंधक तापल्यावर पितळ हळूहळू खातं. दुसरी गोष्ट लोक विसरतात: सिंक्रोचं काम घर्षणावर चालतं. रिंगेने गिअरचा शंकूसारखा भाग पकडून गिअरचा वेग जुळवायचा असतो. तेल फार निसरडं असेल तर पकड उशिरा बसते आणि गिअर वाजतो. म्हणून ‘वरचा नंबर म्हणजे वरचा दर्जा’ हा हिशेब इथे लावू नका.

‘जीएल-४/जीएल-५’ असं दोन्ही छापलेला डबा मी टाळतो. हँडबुक जे सांगेल ते घ्यायचं, मग ते ७५डब्ल्यू-८० जीएल-४ असो, ७५डब्ल्यू-९० असो, की आणखी काही. काही मॅन्युअल गिअरबॉक्सना एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) लागतं, काहींना चक्क इंजिन ऑइल. आणि ९० आकडा बघून घाबरू नका. गिअर ऑइलची मोजपट्टी वेगळी आहे. तिथला ९० गरम असताना इंजिन ऑइलच्या ४०-५० इतकाच दाट असतो. सकाळची तक्रार कमी व्हायला उपयोगाचा आकडा ‘डब्ल्यू’च्या आधीचा. हँडबुकात ८०डब्ल्यू-९० आणि ७५डब्ल्यू-९० दोन्ही चालतील असं असेल तर ७५ घ्या.

पाना_नंबर_सतरा:
आता कृती. पहिला नियम: भरायचा प्लग आधी सैल करा, मगच रिकामा करायचा प्लग उघडा. सगळं तेल काढून टाकलं आणि वरचा प्लग सुटेचना, तर गाडी जागेवरून हलवता येत नाही.

१०-१५ मिनिटं गाडी चालवून तेल कोमट करा. गार गिअर ऑइल मधासारखं येतं आणि गाळ खालीच राहतो. चारही स्टँडवर गाडी सपाट ठेवा. जॅकच्या भरवशावर खाली शिरायचं नाही. फक्त नाक वर उचललंत तर तेलाची पातळी चुकते. जास्त भरेल की कमी, ते प्लग कुठल्या बाजूला आहे त्यावर ठरतं.

प्लग नीट ओळखा. इंजिनचा संप (तळाची तेलाची टाकी) आणि गिअरबॉक्स शेजारी-शेजारी असतात. इंजिनचं तेल सांडून गिअरबॉक्समध्ये नवं भरणारे लोक दरवर्षी निघतात. गिअरबॉक्सवर बाहेरून दिसणारा प्रत्येक बोल्ट प्लग नसतो. काहींच्या मागे गिअर जागेवर धरणारी स्प्रिंग आणि गोळी असते. तो उघडलात तर स्प्रिंग उडते आणि पुढची दुपार टॉर्च घेऊन जाते. प्लगचं डोकं चौकोनी खाच, १७ मिमी अ‍ॅलन किंवा २४ मिमी षटकोनी, असं काहीही असू शकतं. आधी बघून नेमका बिट आणा.

खालचा प्लग काढल्यावर १५-२० मिनिटं निथळू द्या. निघालेलं तेल मापाच्या भांड्यात मोजा. पाच गिअरच्या छोट्या गाडीत साधारण दीड ते अडीच लिटर असतं. हँडबुकापेक्षा अर्धा लिटर कमी निघालं तर नवं भरण्याआधी गळती शोधा, ड्राइव्ह शाफ्टच्या सीलपासून सुरुवात करा. १००-१५० मिली आत चिकटून राहतंच, तेवढी तूट धरू नका.

प्लगवर नवं वॉशर घाला, तांब्याचं असो की अ‍ॅल्युमिनियमचं. जुनं एकदा चेपलेलं असतं, ते पुन्हा नीट बसत नाही. निमुळत्या आट्यांच्या प्लगला वॉशर नसतो, तिथे थोडं सीलंट लागतं. घट्ट करताना टॉर्क पाना वापरा. बहुतेक ठिकाणी २५ ते ४५ न्यूटन-मीटर पुरतात, नेमका आकडा हँडबुकात. केसिंग अ‍ॅल्युमिनियमचं आहे, प्लग लोखंडी. जोर जास्त झाला की प्लग शाबूत राहतो आणि केसिंगचे आटे जातात.

भरायला बॉनेटमधून मीटरभर पारदर्शक नळी सोडा, आतून १०-१२ मिमी, वर नरसाळं. तेलाची बाटली आधी गरम पाण्यात दहा मिनिटं उभी ठेवा, निम्मा वेळ वाचतो. भोकाच्या खालच्या काठावरून तेल ओघळू लागलं की थांबा. ओघळ थेंबांवर आला की प्लग लावा.

दुसरागिअर:
रिव्हर्सची चाचणी केली, सहा मोजल्यावर आवाज नाही. म्हणजे क्लच नीट सुटतोय. पण वरचा प्लग हलतच नाहीये. लांब पाइप घालून जोर लावू का?

पाना_नंबर_सतरा:
आत्ता नको. आधी खाचेतली माती टाचणीने किंवा छोट्या स्क्रूड्रायव्हरने पूर्ण उकरून काढा. बिट अर्धवट बसला की खाच गोल होते, आणि मग खरा वैताग. गंज सोडवणारा स्प्रे मारून रात्रभर ठेवा. सकाळी बिट पूर्ण आत बसवून मागून हातोडीचे दोन-तीन टोले द्या, मग हळूहळू जोर वाढवा. इम्पॅक्ट गन नको.

ग्रीसचे_हात:
आधी घट्ट करायच्या दिशेने जरासं ढकला, मग उलटं फिरवा. गंजाची पकड बऱ्याचदा तिथेच तुटते.

मापात_तेल:
पातळीबद्दल एक राहिलं. काही गिअरबॉक्सना पातळीचा प्लगच नसतो. रिव्हर्सच्या स्विचच्या किंवा स्पीडोमीटरच्या जोडणीच्या भोकातून मोजून भरावं लागतं. तिथे हँडबुकातला आकडाच धरा, ‘थोडं जास्त असू दे’ नको. जादा तेल घुसळून फेसाळतं, ब्रीदरमधून (हवा जाण्याच्या छिद्रातून) बाहेर येतं. इनपुट शाफ्टच्या सीलमधून क्लचवर गेलं तर क्लच घसरतो, आणि मग गिअरबॉक्स उतरवावा लागतो. कमी असेल तर बऱ्याच रचनांमध्ये आधी पाचव्याचा बळी जातो, कारण तो टोकाच्या झाकणात बाजूला असतो.

दुसरागिअर:
प्लग सुटला, स्प्रेने काम केलं. प्लगच्या चुंबकावर राखाडी लेप आहे, साधारण २ मिमी. चिंता करावी का? आतून डिझेलने धुवून घेऊ का?

ग्रीसचे_हात:
८०,००० किमीला तो लेप अपेक्षितच आहे. बोटांत चोळा. ग्रीससारखा मऊ लागला तर पुसून टाका. टोचणारा कण, सुईसारखा तुकडा किंवा दाताचा कोपरा सापडला तर बेअरिंग किंवा गिअर तुटतोय, गाडी तशी चालवू नका. पितळी कण चुंबकाला चिकटत नाहीत, ते तेलात बघा: उन्हात धरल्यावर सोनेरी चमक दाट दिसली तर सिंक्रो झिजतायत. तेल दुधाळ असेल तर पाणी शिरलंय.

डिझेलने धुवू नका. थोडं आत राहतंच आणि नवं तेल पातळ करतं. फारच काळं निघालं असेल तर नवं तेल भरून हजारेक किमीनंतर ते पुन्हा बदला.

पाना_नंबर_सतरा:
भरून झाल्यावर इंजिन बंद ठेवून सगळे गिअर दोन-तीनदा टाका, मग दहा किमी फिरून दोन्ही प्लगखाली कोरडी चिंधी फिरवा. ती तेलकट झाली तर आधी वॉशर तपासा, लगेच टॉर्क वाढवू नका. जुनं तेल डब्यात बंद करून वापरलेलं तेल घेणाऱ्यांकडे द्या. त्यात कूलंट किंवा ब्रेक फ्लुइड मिसळू नका, मिसळलेलं ते घेत नाहीत. आणि कामाचे कपडे वेगळे ठेवा, गंधकाचा तो वास दोन धुण्यांतही जात नाही.