मदत हवी आहे: इंग्लंडमध्ये लर्निंग डिसॅबिलिटी नर्सिंग, पगाराचं गणित जमतं का?

नमस्कार मंडळी,

लेस्टरला असते. बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढांच्या सपोर्टेड लिव्हिंगमध्ये (मदतनिसांसह राहण्याचं घर) सपोर्ट वर्कर आहे. ताशी दर किमान वेतनाच्या जरासा वर, आणि तिथेच अडकलाय. आमच्याकडचे एक काका बोलत नाहीत. मध्ये रोज चहाचा कप भिरकावायला लागले. सगळे म्हणाले, स्वभाव बिघडला. एलडी (लर्निंग डिसॅबिलिटी) नर्स आली, गाल चाचपला, दाढ किडलेली निघाली. तेव्हापासून हाच कोर्स डोक्यात बसलाय.

आयएलआर (इथे कायम राहण्याची परवानगी) झालाय, इथे बरीच वर्षं काढली आहेत, त्यामुळे होम फी (इथल्या रहिवाशांची फी) आणि स्टुडंट लोन मिळेल. शिवाय लर्निंग सपोर्ट फंडाचे वर्षाला 5,000 पौंड, एलडीसाठी जादा 1,000, मूल आहे म्हणून आणखी 2,000. हे परत करायचे नाहीत. पण 2,300 तास प्लेसमेंट (प्रत्यक्ष कामावरचं प्रशिक्षण) बिनपगारी! नोकरी जवळपास सोडावीच लागणार.

2025-26 ला बँड 5 ची (एनएचएस, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेतली नव्या नर्सची पगारश्रेणी) सुरुवात वर्षाला 31,049 पौंड होती, 4 वर्षांनी 37,796. 25,000 च्या वरच्या रकमेवर 9 टक्के लोन कापणार, म्हणजे सुरुवातीला महिन्याला साधारण 45.

अडतंय ते इथे: वॉर्डवर रात्री आणि शनिवारी 30 टक्के, रविवारी 60 टक्के जादा मिळतात. कम्युनिटी टीम (हॉस्पिटलबाहेर, लोकांच्या घरी जाऊन काम करणारी) सोमवार ते शुक्रवार, दिवसाची. तिथे त्यातलं काही नाही. मग बँड 6 (वरची श्रेणी) घेऊन कम्युनिटीत गेलेल्यांच्या हातात खरंच जास्त पडतं का? मैत्रीण म्हणते मेंटल हेल्थ नर्सिंग घे, जागा जास्त असतात.

प्रतिसाद १
ताई, बँड सगळ्या शाखांना सारखेच, एलडीला कमी नाही. मी वॉर्डवरून बँड 6 वर कम्युनिटीत आले तेव्हा पहिल्या पगारात हातात कमीच आलं. 2025-26 ला बँड 6 ची सुरुवात 38,682 होती. बँड 5 च्या वरच्या पायरीवर रात्रपाळ्या धरल्या की तो आकडा सहज ओलांडतो. मात्र 5 वर्षांनी 46,580. शिवाय मोठ्या हॉस्पिटलांत एलडी लायझन नर्स (अशा रुग्णांना तिथे नीट उपचार मिळतात का ते बघणारी) असते, ती बरेचदा बँड 6 किंवा 7. पैसे कमी पडले तर शनिवार-रविवारी बँक शिफ्ट (गरजेप्रमाणे घेतलेल्या जादा पाळ्या) करता येतात, मी करते.

मूल केवढं आहे? प्लेसमेंटला रात्रपाळ्याही लागतात, त्याची सोय आधी बघा.