मदत हवी आहे : ‘बुरूज’ म्हणावे की ‘मनोरा’?

इंग्लंडच्या श्रॉपशायर काउंटीतील स्टोकसे कॅसलवर मी मराठी लेख लिहीत आहे. नावात कॅसल असले तरी तो किल्ला नव्हे. लडलोच्या लॉरेन्स या लोकरीच्या धनाढ्य व्यापाऱ्याचे ते तटबंदीचे राहते घर असून, त्यावर चर्या (तटाच्या माथ्यावरचे दातेरी कठडे) उभारण्याचा परवाना त्याला राजा पहिला एडवर्ड याच्याकडून १२९१ साली मिळाला होता. म्हणून घराला मी ‘गढी’ म्हटले आहे आणि तो शब्द चपखल वाटतो. १७व्या शतकातील यादवी युद्धानंतर तट बहुतांशी उतरवला गेला, पण ‘तट’ आणि ‘खंदक’ या शब्दांबाबतही अडचण नाही.

अडचण दोन टॉवरांची आहे. दक्षिणेकडचा बहुकोनी आणि तीन मजली असून आत शेकोट्यांसह खोल्या आहेत. उत्तरेकडच्याच्या दगडी भिंतींवर लाकडी चौकटीचा मजला बाहेर झुकलेला आहे. ‘बुरूज’ लिहिले की आपल्या वाचकापुढे बहुधा भरीव, तोफेचा बुरूज उभा राहतो, तर ‘मनोरा’ फारच सडपातळ वाटतो. ‘टॉवर’ तसाच ठेवला, तर मोबाइलचा आठवतो! लेखात तळटीपांना जागा नाही.

आपल्याकडच्या गढ्यांमध्ये राहण्याजोग्या, मजले असलेल्या बुरुजाला स्थानिक बोलीत वेगळा शब्द आहे का, आणि असल्यास तो कोणत्या भागात वापरला जातो?