सासूबाईंची बचत १६,००० पौंडांच्या वर जाते, तर भाड्यासाठी हाउसिंग बेनिफिट मिळेल का?

मृणाल_कोव्हेंट्री

सासूबाई ७० वर्षांच्या आहेत, ब्रिटिश नागरिक आहेत. लेस्टरमध्ये खाजगी घरमालकाच्या एका बेडरूमच्या फ्लॅटमध्ये एकट्या राहतात. भाडं महिना ६५० पौंड. आतापर्यंत बचतीतून भरत होत्या.

उत्पन्न: इथलं स्टेट पेन्शन आठवड्याला ९२.१० पौंड (नॅशनल इन्शुरन्सची १४च वर्षं भरली आहेत) आणि सासऱ्यांच्या पश्चात भारतातून महिना १८,००० रुपये फॅमिली पेन्शन. आम्ही अधूनमधून शंभरेक पौंड देतो.

बचत: इथल्या बँकेत १२,३०० पौंड. सांगलीच्या बँकेत ५ लाखांची एफडी त्यांच्या एकट्यांच्या नावावर, बहीण नॉमिनी. माहेरच्या घरात तिसरा हिस्सा आहे. त्या घरात त्यांची सख्खी थोरली बहीण राहते, वय ७६. शिवाय दागिने आणि एक एलआयसी पॉलिसी.

ओळखीतले सांगतात की १६,००० पौंडांच्या वर एक पौंड जरी असला तरी काही मिळत नाही, म्हणून आधी एफडी मुलाच्या नावावर करा आणि मग अर्ज करा. हे बरोबर आहे का?

नियमवाचक

मृणालताई, एफडीला हात लावू नका. बेनिफिट मिळावं म्हणून पैसे दुसऱ्याच्या नावावर केले असं दिसलं, तर ते पैसे अजून सासूबाईंकडेच आहेत असं धरून हिशोब होतो. म्हणजे एफडीही गेली आणि बेनिफिटही गेलं. खरं तर तुमच्या बाबतीत त्याची गरजच नाही.

१६,००० ची मर्यादा खरी आहे, पण तिला एक मोठा अपवाद आहे. पेन्शनच्या वयाच्या माणसाला पेन्शन क्रेडिट (कमी उत्पन्नाच्या पेन्शनरांना मिळणारी सरकारी मदत) यातला गॅरंटी क्रेडिट हा, उत्पन्न ठरावीक पातळीपर्यंत भरून देणारा, भाग मिळत असेल, तर हाउसिंग बेनिफिटसाठी बचतीची वरची मर्यादा लागूच होत नाही. आणि पेन्शन क्रेडिटला स्वतःची अशी वरची मर्यादा नाही. म्हणून क्रम महत्त्वाचा. नुसता काउन्सिलकडे (स्थानिक पालिकेकडे) हाउसिंग बेनिफिटचा अर्ज केलात तर १६,००० ओलांडले म्हणून नकार येईल. पेन्शन क्रेडिट मंजूर झालं की तोच अर्ज पास होतो.

आकडे मांडून बघा, २०२५-२६ च्या दरांनी. रुपयाचा भाव समजायला सोपा म्हणून पौंडाला ११५ धरते.

एफडी ५,००,००० ÷ ११५ = सुमारे ४,३४८ पौंड. त्यात १२,३०० मिळवले की १६,६४८.

पेन्शनच्या वयात पहिले १०,००० पौंड पूर्ण सोडतात. त्यावरच्या दर ५०० पौंडांमागे, किंवा ५०० च्या तुकड्यामागे, आठवड्याला १ पौंड उत्पन्न आहे असं मानतात. वरचे ६,६४८, म्हणजे १३ पूर्ण आणि एक तुकडा, म्हणून १४ पौंड. बँक प्रत्यक्षात किती व्याज देते याचा इथे संबंध नाही, व्याज वेगळं धरत नाहीत.

फॅमिली पेन्शन वर्षाला २,१६,००० रुपये, म्हणजे आठवड्याला साधारण ३६.१२ पौंड. पौंडात बदलताना बँक जे कमिशन कापते ते वजा करून मिळतं, त्याची पावती ठेवा.

९२.१० + ३६.१२ + १४ = १४२.२२. एकट्या माणसासाठी गॅरंटी क्रेडिटची पातळी २२७.१० आहे. फरक आठवड्याला ८४.८८ पौंड, तो पेन्शन क्रेडिट म्हणून मिळायला हवा. तुम्ही देता ते शंभर पौंड या हिशोबात उत्पन्न म्हणून येत नाहीत, फक्त न खर्चता साठत गेले तर बचतीत दिसतील.

गॅरंटी क्रेडिट लागलं की हाउसिंग बेनिफिटमध्ये उत्पन्नाची कपात होत नाही. मात्र "पूर्ण" म्हणजे पूर्ण ६५० नव्हे. खाजगी भाड्याला लोकल हाउसिंग अलाउन्सची मर्यादा असते. भाग आणि बेडरूमप्रमाणे दर ठरतो, सासूबाईंना एका बेडरूमचा. हे दर एप्रिल २०२४ मध्ये वाढवून पुढे गोठवले आहेत, त्यामुळे बऱ्याच ठिकाणी भाडं दरापेक्षा जास्त निघतं. घराचा पोस्टकोड टाकून सरकारी संकेतस्थळावर आठवड्याचा दर बघा. वरची तूट राहिली तर काउन्सिलकडे जादा मदत मागता येते, तो हक्क नाही, विनंती आहे. काउन्सिल टॅक्समधली सूटही त्याच वेळी मागा. गॅरंटी क्रेडिट असणाऱ्या पेन्शनरला ती शंभर टक्क्यांपर्यंत मिळू शकते.

दोन्ही अर्ज एकाच आठवड्यात करा. पेन्शनरांना दोन्हीकडे तीन महिने मागचे पैसे मिळू शकतात, त्याहून मागचे नाहीत. उशिराचा प्रत्येक आठवडा कायमचा जातो.

कृष्णाकाठ

घराबद्दल आणि कागदांबद्दल लिहितो.

माहेरच्या घरातला हिस्सा एरवी बचतीतच धरला असता. पण त्या घरात जवळचं नातेवाईक राहत असेल आणि ते पेन्शनच्या वयाचं असेल, तर ते घर हिशोबातून वगळतात. सख्खी बहीण जवळच्या नात्यात येते, आणि ७६ म्हणजे वयाचाही प्रश्न नाही. तीच बहीण ६० वर्षांची आणि धडधाकट असती, तर हिश्श्याची किंमत धरली असती. ती बहीण हयात असेपर्यंत किंवा तिथे राहत असेपर्यंतच ही सवलत आहे, बदल झाला की कळवायचं.

भारतातल्या मालमत्तेची किंमत तिथल्या बाजारभावाने धरतात. विक्रीच्या खर्चापोटी १० टक्के आणि त्या मालमत्तेवरचं कर्ज वजा होतं. "भारतातून पैसे आणता येत नाहीत" हे कारण चालत नाही, कारण रिझर्व्ह बँकेच्या नियमांत एनआरओ खात्यातून (अनिवासी भारतीयांचं भारतातलं रुपयांचं खातं) आर्थिक वर्षाला १० लाख डॉलरपर्यंत बाहेर नेता येतात.

नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. बहीण नॉमिनी असली तरी एफडी पूर्ण सासूबाईंचीच. दोघींच्या नावावर "आयदर ऑर सर्व्हायव्हर" अशी असती, तर साधारण निम्मी धरली असती.

एलआयसीची सरेंडर किंमत धरत नाहीत. पण पॉलिसी मॅच्युअर होऊन पैसे खात्यात आले की ती साधी बचत झाली. अंगावरचे दागिने वैयक्तिक वस्तू म्हणून सोडतात.

कागद: सगळ्या खात्यांची अलीकडची स्टेटमेंट्स, एफडीची पावती, फॅमिली पेन्शन जमा होतं त्या पासबुकाची पानं, भाडेकरार, आणि घरासाठी सिटी सर्व्हेचा मालमत्ता पत्रकाचा उतारा. मराठी उताऱ्यासोबत इंग्रजी भाषांतर जोडा. आजोबांच्या किंवा वडिलांच्या नावावरच उतारा अडकला असेल तर वारसांची यादी आणि प्रत्येकाचा हिस्सा सांगणारं प्रतिज्ञापत्र द्या. याच जागी बहुतेक अर्ज रखडतात, कारण अधिकाऱ्याला "हिस्सा एक तृतीयांश" हे कुठेच लिहिलेलं दिसत नाही.

आणि एफडी लपवू नका. भारत आणि ब्रिटन एकमेकांना खात्यांची माहिती देतात. नंतर सापडली की सगळं परत भरावं लागतं.

एक तपासा: सासूबाई प्रौढ अवलंबून नातेवाईक म्हणून प्रायोजकाच्या हमीपत्रावर आलेल्या असतील तर पाच वर्षं हे हक्क बंद असतात. नागरिकत्व मिळालेलं असल्याने तुम्हाला अडचण नाही, पण वाचणाऱ्या इतरांसाठी सांगतो. स्किल्ड वर्कर व्हिसावरच्यांना "नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स" (सरकारी मदत मागायची नाही) ही अट असते, त्यांनी अर्ज करूच नये.

स्लाउ_संसार

याच धाग्यात विचारतो. आम्ही नवराबायको ३६ आणि ३४, दोन मुलं (७ आणि ४), दोघांना इथली कायम वास्तव्याची परवानगी. एकाचाच पगार, हातात महिना १,९०० पौंड. भाड्याचा मान्य होणारा भाग ९०० धरा. बचत ९,१०० पौंड. नाशिकला फ्लॅट आहे, ४५ लाखांचा, २० लाख कर्ज बाकी, भाड्याने दिला आहे. आम्हालाही हेच नियम का?

नियमवाचक

नाही दादा. कामाच्या वयात नवीन अर्जाला हाउसिंग बेनिफिट नाही, अगदी मोजकी सहायक आणि तात्पुरती निवासस्थानं सोडून. भाड्याचा पैसा युनिव्हर्सल क्रेडिटमध्येच (कामाच्या वयातल्या कमी उत्पन्नाच्या घरांना मिळणारी सरकारी मदत) येतो. तिथे ६,००० पौंडांपर्यंत बचत सोडतात, ६,००० ते १६,००० मध्ये दर २५० किंवा तुकड्यामागे महिना ४.३५ पौंड कापतात, आणि १६,००० च्या वर काही नाही. दोघांची बचत एकत्र धरतात. गॅरंटी क्रेडिटसारखी पळवाट इथे नाही.

तुमचं गणित फ्लॅटवर अडतं. ४५ लाखांतून १० टक्के म्हणजे साडेचार लाख आणि कर्जाचे २० लाख काढले की साडेवीस लाख उरतात, ११५ ने सुमारे १७,८२६ पौंड. एकट्या फ्लॅटनेच मर्यादा ओलांडली. भाडं किती येतं याला इथे महत्त्व नाही, किंमतच आड येते. फ्लॅट खरोखर विकायला काढलात तर सहा महिने, आणि वाजवी कारण असेल तर अधिक काळ, ती किंमत वगळतात. पण विक्रीचे पैसे हातात आले की ती बचतच.

फ्लॅट नसता तर काय झालं असतं ते २०२५-२६ च्या दरांनी दाखवते, म्हणजे काय पणाला आहे ते कळेल. जोडप्याचा मूळ भाग ६२८.१०, दोन मुलांचे ५८५.६२, भाडं ९००, एकूण २,११३.७२. पगारातून ४११ पौंडांची कामाची सूट काढली की १,४८९ उरतात. त्याचे ५५ टक्के, ८१८.९५, कापले जातात. बचतीचे १३ टप्पे गुणिले ४.३५ म्हणजे ५६.५५. हाती १,२३८.२२ पौंड, महिन्याला. कमाई महिना ८४६ च्या वर असल्याने बेनिफिट कॅपही (एकूण मदतीवरची कमाल मर्यादा) लागत नाही.

बचतीतून क्रेडिट कार्डचं देणं फेडणं किंवा घराला लागणारी वॉशिंग मशीन वाजवी भावात घेणं, हे पैसे उधळणं धरत नाहीत. पावत्या ठेवा. भावाच्या खात्यात पैसे ढकललेत, तर मात्र ते नक्की विचारले जातील.

मृणाल_कोव्हेंट्री

मनापासून आभार. दोन गोष्टी राहिल्या. सासूबाई डिसेंबरात तीन महिने सांगलीला जायच्या आहेत. आणि त्या आमच्याकडे राहायला आल्या व आम्हाला भाडं दिलं तर?

कृष्णाकाठ

तुम्ही त्याच घरात राहत असताना त्यांनी तुम्हाला दिलेल्या भाड्याला हाउसिंग बेनिफिट मिळत नाही.

प्रवासाचं नीट ऐका. पेन्शन क्रेडिट आणि हाउसिंग बेनिफिट, दोन्हीला परदेशातली मुभा चार आठवड्यांची आहे. जवळच्या माणसाच्या निधनामुळे आणखी चार, आणि उपचारांसाठी गेल्यास २६ आठवडे. निघतानाच तीन महिन्यांचं परतीचं तिकीट असेल, तर पहिले चार आठवडेही मिळत नाहीत. निघाल्या दिवसापासून बंद, परत आल्यावर नवा अर्ज. त्यामुळे शक्य तर चार आठवड्यांच्या आतलं तिकीट काढा आणि जाण्याआधी दोन्हीकडे तारखा लेखी कळवा. तिकीट आधीच काढलेलं असेल तर ते बदलायला लागणारा दंड आणि तीन महिन्यांचं भाडं शेजारी शेजारी मांडून ठरवा.

नियमवाचक

अंघोळ, कपडे घालणं, रात्री उठणं यासाठी त्यांना मदत लागत असेल तर अटेंडन्स अलाउन्सही मागा. त्याला बचत-उत्पन्न बघत नाहीत आणि तो उत्पन्नात धरत नाहीत. उलट त्या खरंच एकट्या राहत असतील आणि त्यांची काळजी घेण्यापोटी कुणी केअरर्स अलाउन्स घेत नसेल, तर पेन्शन क्रेडिटची पातळी आठवड्याला आणखी ८२.९० पौंडांनी (२०२५-२६ चा दर) वर जाते. फॉर्म पूर्ण होण्याची वाट बघू नका. फोन करून मागवलात तर त्यावर तारीख छापून येते, सहा आठवड्यांत भरून पाठवला की हक्क त्या फोनच्या दिवसापासून धरतात.